पहिला महिना निघाला की

आमच्या तालुक्याच्या गावी काकांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी आधी बैलगाडीतून आणि पुढे टेम्पोतून तिथे येत, त्यांची जळकी तार छिन्नीने तोडून काढली जाई, नवे वाइंडिंग भरले जाई, वार्निश पाजून मोटार वाळवली जाई आणि तीन-चार दिवसांनी ती पुन्हा शेताकडे रवाना होई. मोटार गाडीत चढवताना बहुतेक शेतकरी एकच प्रश्न विचारीत : "भाऊ, किती दिवस चालंल?" आणि काकांचे उत्तरही ठरलेले असे : "पहिला महिना निघाला की मग काळजी नाही."

लहानपणी मला हे उत्तर गोलमोल वाटे. पुढे संख्याशास्त्र शिकलो आणि शिकवू लागलो, तेव्हा कळले की टिकण्याविषयी आणि मरण्याविषयी जे सर्वांत नेमके सांगता येते, ते काका त्या एका वाक्यात सांगत होते. मोटार एकूण किती दिवस चालेल हे कोणालाच सांगता येत नाही. पण आजवर चाललेल्या मोटारींपैकी किती मोटारी पुढच्या महिन्यात बंद पडतील हे मोजता येते, आणि हे प्रमाण मोटारीच्या वयाबरोबर बदलत जाते. माणसांच्या मृत्युदराचे सगळे शास्त्र याच प्रश्नावर उभे आहे.

काकांकडे लाल कापडी बांधणीची एक लांबट वही होती. तारीख, नाव-गाव, मोटार किती एच.पी.ची, काम काय केले आणि पैसे किती घेतले, असे पाच रकाने तिच्यात आखलेले असत. मोटार पुन्हा जळून आली, तर काका जुनी नोंद शोधून तिच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करीत आणि बाजूला परत आल्याची तारीख लिहीत. कॉलेजात असताना एका सुट्टीत मी त्या वहीतून मोटारीचे 'सरासरी आयुष्य' काढायला बसलो. गोल केलेल्या सगळ्या नोंदी घेतल्या, दोन तारखांमधले दिवस मोजले आणि बेरजेला नोंदींच्या संख्येने भागले. आकडा इतका लहान आला की तो काकांना दाखवायचा धीर होईना.

चूक हिशोबात नव्हती, ती मोजायला घेतलेल्या मोटारींच्या निवडीत होती. मी फक्त परत आलेल्या मोटारी मोजल्या होत्या, म्हणजे जणू स्मशानाच्या नोंदवहीतून गावाचे सरासरी वय काढले होते. ज्या मोटारी अजून विहिरीवर व्यवस्थित पाणी ओढत होत्या, त्यांना गोल नव्हता म्हणून त्या माझ्या हिशोबातच नव्हत्या. आणि सर्वांत जास्त टिकलेल्या मोटारी नेमक्या त्याच होत्या. त्यांचे आयुष्य किती हे ठाऊक नव्हते हे खरे, पण आजच्या तारखेपर्यंत त्या टिकल्या आहेत ही माहितीच आहे, आणि ती टाकून दिली की उरलेला आकडा खोटा ठरतो.

मग अशी अर्धवट माहिती वापरायची कशी? आयुष्याचे लहान लहान टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा प्रश्न विचारायचा : हा टप्पा सुरू होताना किती मोटारी चालू होत्या, आणि त्यांपैकी किती या टप्प्यात गेल्या? समजा, वहीत १०० मोटारी आहेत. पहिल्या तीन महिन्यांत त्यांतल्या ८ परत आल्या, म्हणजे पहिल्या टप्प्याचा दर ८ टक्के. उरलेल्या ९२ पैकी ४२ मोटारींचे काम नुकतेच तीन महिन्यांपूर्वी झालेले आहे. त्यांचा दुसरा टप्पा अजून घडायचाच आहे, म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या हिशोबात फक्त ५० मोटारी धरायच्या. त्यांतल्या ३ परत आल्या, तर त्या टप्प्याचा दर ६ टक्के. आता सहा महिने टिकण्याची शक्यता म्हणजे पहिल्या टप्प्यातून वाचलेल्या ९२ टक्क्यांचे ९४ टक्के, अर्थात सुमारे साडेशहाऐंशी टक्के. सरसकट १०० पैकी ११ गेल्या असे म्हटले असते, तर उत्तर ८९ टक्के आले असते आणि मोटारी आहेत त्यापेक्षा चांगल्या दिसल्या असत्या, कारण त्या ४२ मोटारींना दुसऱ्या परीक्षेला न बसवताच पास केले असते.

ही पद्धत १९५८ साली एडवर्ड कॅपलान आणि पॉल मायर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एकत्रित निबंधात नीट मांडली आणि आज कर्करोगावरच्या जवळजवळ प्रत्येक औषधाच्या चाचणीत ती वापरली जाते. मला यातली मनापासून आवडणारी गोष्ट अशी की कॅपलान यांच्यासमोरचा प्रश्न समुद्राखालून जाणाऱ्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती टिकतील हा होता आणि मायर यांच्यासमोरचा प्रश्न रुग्ण किती जगतील हा होता. दोघांनी आधी स्वतंत्रपणे काम केले आणि दोघांचे गणित एकच निघाले.

कोणताही मृत्युदर हा शेवटी एक अपूर्णांक असतो. वर मेलेल्यांची संख्या आणि खाली ज्यांना त्या काळात मरण येऊ शकले असते अशांची संख्या. वरचा आकडा डोळ्यांसमोर असतो. तो वर्तमानपत्रात येतो, त्याने मन हेलावते. खालचा आकडा कोणीतरी कष्टाने मोजावा लागतो, आणि मृत्युदराचा चारशे वर्षांचा इतिहास हा मुख्यतः खालचा आकडा मिळवण्याच्या धडपडीचा इतिहास आहे.

लंडनमध्ये प्लेगच्या काळापासून दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापल्या जात. त्या याद्यांवरून जॉन ग्राँट या कापड-व्यापाऱ्याने १६६२ साली एक छोटे पुस्तक काढले आणि त्यात जन्मलेल्या १०० जणांपैकी कोणत्या वयापर्यंत किती उरतात याची सारणी दिली. गंमत अशी की त्या याद्यांत मरणाऱ्याचे वय लिहिलेलेच नसे, फक्त मरणाचे कारण असे. ग्राँट यांनी लहान मुलांनाच होणारी कारणे, म्हणजे आकडी, मुडदूस, 'दात व जंत' असली, बाजूला काढून बेरीज केली आणि १०० पैकी ३६ मुले सहा वर्षांची होण्याआधीच जातात असा अंदाज बांधला. पुढचे आकडे बरेचसे अटकळीने भरलेले होते, पण एका पिढीला ओळीने उभे करून दर दहा वर्षांनी किती उरले हे विचारण्याची कल्पना तिथे पहिल्यांदा कागदावर आली.

वयासह नोंदी मिळाल्या त्या ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये. तिथले धर्मोपदेशक कास्पार नॉयमान यांनी जमवलेल्या १६८७ ते १६९१ या पाच वर्षांच्या नोंदी एडमंड हॅली यांच्या हाती आल्या. धूमकेतूला ज्यांचे नाव आहे, तेच हे हॅली. १६९३ साली त्यांनी जी सारणी प्रसिद्ध केली, तिच्या सुरुवातीला एक वाक्य आहे : शहरात वर्षाला सरासरी १,२३८ मुले जन्मतात आणि त्यांतली ३४८ पहिल्या वर्षातच मरतात. हजारी हिशोब केला, तर हा दर २८१ येतो. भारताचा २०२० सालचा अर्भक मृत्युदर, म्हणजे पहिल्या वर्षातल्या मृत्यूंचा दर, नमुना नोंदणी पद्धतीनुसार (तिच्याविषयी पुढे सांगतो) हजारी २८ आहे. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या एका बऱ्या शहरात जितकी अर्भके जात, त्याच्या एक दशांश आज आपल्याकडे जातात.

हॅली यांच्या सारणीचा उपयोग पैशाच्या हिशोबासाठी होता. इंग्लंडचे सरकार तेव्हा आजीवन वार्षिकी विकत असे, म्हणजे आधी एकरकमी पैसे घेऊन त्या माणसाला मरेपर्यंत दरवर्षी ठरावीक रक्कम देई, आणि घेणाऱ्याचे वय न पाहता सर्वांना एकच किंमत लावी. वीस वर्षांच्या तरुणाला आणि साठीच्या म्हाताऱ्याला एकच भाव. वयानुसार मृत्युदर माहीत नसला की असे होते. आपल्याकडेही याचे एक रूप दिसले. परदेशी विमा कंपन्या भारतीय माणसाकडून जास्तीचा हप्ता घेत, कारण त्याच्या जिवाचा धोका त्या अधिक धरत. १८७१ साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने भारतीयांचा विमा सर्वसाधारण दराने उतरवायला सुरुवात केली.

आता वयाचा मुद्दा थोडा खोलात पाहू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. वर्षभरात झालेले मृत्यू भागिले लोकसंख्या हा सर्वांत सोपा दर, ज्याला ढोबळ मृत्युदर म्हणतात. २०२० साली भारतात तो हजारी ६ होता आणि जपानमध्ये सुमारे ११. म्हणजे जपानमध्ये माणसे जवळजवळ दुपटीने मरत होती का? जपानी माणसाचे आयुर्मान ८४ वर्षांच्या पुढे आहे आणि आपले सत्तरीच्या आसपास. प्रत्येक वयोगट वेगळा काढून पाहिला, तर जपानचा दर आपल्यापेक्षा कमीच आहे. फरक इतकाच की जपानमध्ये म्हातारी माणसे खूप आहेत आणि आपल्याकडे तरुण खूप आहेत. याच कारणाने केरळचा ढोबळ मृत्युदर बिहारपेक्षा जास्त येतो, आणि तेवढ्यावरून केरळची आरोग्यव्यवस्था बिहारपेक्षा वाईट ठरवणारा माणूस उलट्या दिशेने चालू लागतो. म्हणून तुलना करताना दोन्ही ठिकाणचे वयोगटवार दर एकाच कल्पित लोकसंख्येला लावून पाहतात.

खालच्या आकड्यात कोण आहे हे प्रत्येक वेळी तपासावेच लागते. माता मृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे सांगतात. २०१८-२० या काळात ते भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. इथे खाली जन्म आहेत, स्त्रिया नाहीत. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात बाळंतपणेच निम्मी झाली, तर माता मृत्यूही निम्मे होतील, पण हे प्रमाण हलणार नाही. दर बाळंतपणातला धोका तेवढाच राहिला, हे ते बरोबर सांगत असते. करोनाच्या पहिल्या लाटेतही खालच्या आकड्याने सर्वांना चकवले. चाचणीत सापडलेल्या रुग्णांपैकी किती दगावले, हे प्रमाण चाचण्या वाढल्या की आपोआप खाली येई, विषाणू होता तसाच असला तरी. जुलै २०२० मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, नीती आयोग आणि मुंबई महापालिका यांनी मुंबईतल्या तीन विभागांत रक्ततपासणी केली, तेव्हा झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि इतर वस्तीतल्या १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे मिळाली. चाचणीत सापडलेल्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त लोकांना लागण होऊन गेली होती, म्हणजे खालचा आकडा इतके दिवस फारच लहान धरला गेला होता.

कधी कधी वरचा आकडाही हरवतो, आणि तो बहुधा सर्वांत लहान जिवांचा हरवतो. बारशाआधी गेलेल्या बाळाचा उल्लेख करायचा नाही, अशी रीत अनेक घरांत होती. पाळण्यात नाव घातलेले नाही, घरातच जन्मले आणि घरातच गेले, कोणत्या कागदावर त्याचे काय येणार? शिवाय जन्मल्यावर एकदाच श्वास घेऊन गेलेले बाळ 'मृत जन्मले' असे लिहिले, की ते अर्भक मृत्युदरातून गळते, कारण त्या दरात फक्त जिवंत जन्मलेली बाळे धरतात. लेखणीच्या एका शब्दाने दर सुधारतो आणि बाळ वाचत नाही.

ही गळती भरून काढण्यासाठी भारतात नमुना नोंदणी पद्धत आहे. १९६४-६५ मध्ये ती प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली आणि १९६९-७० पासून देशभर चालू आहे. निवडलेल्या गावांत आणि शहरी वस्त्यांत, आज असे सुमारे ८,८०० घटक आहेत, एक स्थानिक नोंदकर्ता वर्षभर प्रत्येक जन्म-मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी दुसराच माणूस येऊन, पहिल्याची वही न पाहता, घरोघर विचारून आपली स्वतंत्र यादी करतो. मग दोन्ही याद्या जुळवतात आणि जी नोंद एकीतच आहे, तिची पुन्हा गावात जाऊन खातरजमा करतात. एकाच्या नजरेतून सुटलेले बाळ दुसऱ्याला सापडावे, एवढीच यामागची कल्पना आहे. साधी आहे, पण मला ती फार मोठी वाटते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनेही नवजात बालकांसाठी काम सुरू करताना आधी मोजणी पक्की केली. प्रत्येक गर्भवती आणि प्रत्येक जन्म नोंदला, म्हणजे खालचा आकडा पक्का झाला. तेव्हा कळले की जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे ६२ बाळे पहिल्या २८ दिवसांतच जात आहेत. मग ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना शिकवून तयार केले : बाळाला उबदार कसे ठेवायचे, जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग कशावरून ओळखायचा आणि वेळ पडली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन कसे द्यायचे. तीन वर्षांत तो दर २५.५ वर आला. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले आणि पुढे आशा कार्यकर्त्या नवजात बाळासाठी ज्या गृहभेटी देऊ लागल्या, त्यांची मुळे इथे आहेत.

पहिल्या २८ दिवसांवरच भर का, हे २०२० च्या राष्ट्रीय आकड्यांतून स्पष्ट दिसते. हजार जिवंत जन्मांमागे वर्षभरात २८ अर्भके गेली, त्यांतली २० पहिल्या २८ दिवसांत, आणि त्यातलीही १५ पहिल्या सातच दिवसांत. उरलेल्या अकरा महिन्यांत ८. समान लांबीचे टप्पे पाडून पाहिले, तर पहिल्या २८ दिवसांचा धोका नंतरच्या तेवढ्याच कोणत्याही काळाच्या सरासरीने सुमारे तीसपट भरतो. आमच्या घरी बाळ-बाळंतिणीचा सव्वा महिना आजी डोळ्यांत तेल घालून सांभाळत असे. बाळाला उंबऱ्याबाहेर नेऊ देत नसे आणि पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावीत असे. 'सव्वा महिना निघू दे' हे तिचे शब्द आणि काकांचे मोटारीविषयीचे शब्द जवळजवळ एकच होते, हे मला फार उशिरा जाणवले.

आता जन्मापासून म्हातारपणापर्यंत प्रत्येक वयाचा दर कागदावर मांडला, की न्हाणीघरातल्या उभ्या कापलेल्या टबासारखी आकृती दिसते. सुरुवातीला उंच, मग झपाट्याने उतरती, दहा वर्षांच्या आसपास तळाला, तारुण्यात अपघातांमुळे जराशी उचललेली आणि तिशीनंतर सतत चढती. चढतीचा नियम १८२५ साली बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी सांगितला. ते ज्यू असल्यामुळे त्या काळच्या इंग्लंडमध्ये त्यांना विद्यापीठात प्रवेश नव्हता. गणित त्यांनी स्वतःच शिकले आणि विमा कंपनीत काम केले. मृत्युदर ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो, असे त्यांना दिसले, आणि आजच्या बहुतेक देशांत ही दुप्पट साधारण आठ वर्षांत होते. तिशीपासून सत्तरीपर्यंत अशा पाच दुपटी होतात, म्हणजे सत्तरीतला धोका तिशीच्या सुमारे बत्तीसपट. १८६० साली विल्यम मेकम यांनी त्यात वयाशी संबंध नसलेला एक स्थिर भाग मिळवला : वीज पडणे, बुडणे, अपघात, साथ. आरोग्य सुधारते तेव्हा हा स्थिर भाग आधी कमी होतो. दुपटीचा वेग मात्र मोठा चिवट आहे.

मोटारीतही हे तीनही भाग दिसतात. वाइंडिंग भरताना तारेच्या इनॅमलला ओरखडा गेला, स्लॉटमधला कागद सरकला किंवा वार्निश नीट पाजले गेले नाही, तर मोटार पहिल्या काही आठवड्यांतच परत येते. ही जन्मजात खोट. बुश झिजणे, बेअरिंग जाणे आणि इन्सुलेशन जुने होऊन ठिसूळ होणे हे म्हातारपण. आणि मध्येच एक फेज जाऊन दोन फेजवर चाललेली मोटार जळते, तेव्हा ती नवी आहे की जुनी याला काही महत्त्व नसते. या शेवटच्या प्रकाराचे शुद्ध उदाहरण चहाच्या टपरीवर मिळते. काचेचा ग्लास म्हातारा होऊन फुटत नाही, हातातून सटकून फुटतो. म्हणून काल आणलेल्या ग्लासाची आणि वर्षभर टिकलेल्या ग्लासाची आज फुटण्याची शक्यता जवळजवळ सारखीच असते. वर्षभर टिकला म्हणून तो काही कमावत नाही आणि काही गमावतही नाही.

एक बारीक गोष्ट इथे नजरेआड होऊ नये. सुरुवातीचा उतार पाहून, प्रत्येक मोटार चालता चालता सुधारत गेली, असे वाटते, पण तसे असेलच असे नाही. खोट असलेल्या मोटारी लवकर गळतात आणि मागे चांगल्या उरतात, म्हणून उरलेल्या समूहाचा दर उतरतो. त्यातली एकही मोटार कालपेक्षा आज अधिक चांगली झालेली नसते. आजीची लोखंडी पेटी आणि पितळी स्टोव्ह पाहून 'पूर्वीच्या वस्तूच दणकट' असे आपण म्हणतो तेव्हा हेच होते, कारण त्याच काळातल्या मोडक्या पेट्या आणि गळके स्टोव्ह कधीच भंगारात गेले आणि आपल्यासमोर फक्त वाचलेल्या वस्तू आहेत.

टबाची आकृती सगळ्या यंत्रांना लागू पडते, असे बरीच वर्षे मानले जाई आणि त्यामुळे ठरावीक तास झाले की यंत्र उघडून दुरुस्त करायचेच, असा शिरस्ता होता. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोन अभियंत्यांनी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला. टबासारखी आकृती फक्त ४ टक्के भागांत दिसली. ६८ टक्के भागांत बिघाडाचा दर सुरुवातीला उंच आणि नंतर सपाट होता. म्हातारपणाची चढण सगळी मिळून ११ टक्क्यांतच होती. ज्या भागाचे म्हातारपण सुरूच झालेले नाही, तो ठरल्या वेळी उघडून पुन्हा जोडला, तर हाती काय येते? त्याला पुन्हा पहिल्या महिन्यात नेऊन ठेवल्यासारखे होते. चालू मोटार उगाच उघडायला काका का तयार नसत, याचे उत्तर मला त्या अभ्यासात मिळाले.

सरासरी आयुष्याचे आकडे वाचतानाही टप्प्यांचे भान ठेवावे लागते. संगणकाच्या हार्ड डिस्कवर 'दोन बिघाडांमधला सरासरी काळ १० लाख तास' असे छापलेले असते. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षे; इतकी कोणतीही डिस्क टिकत नाही. त्या आकड्याचा अर्थ असा की म्हातारपण सुरू होण्याआधीच्या काळात अशा १,००० डिस्क वर्षभर चालवल्या, तर त्यांतल्या साधारण ९ बिघडतील. दहा वर्षांच्या मुलाचा मृत्युदरही इतका कमी असतो की तोच कायम राहिला, तर माणूस हजारो वर्षे जगेल. तो कायम राहत नाही, इतकेच.

आयुर्मानाचे उलटे आहे. १९११ ते १९२१ या दशकात भारतीयांचे आयुर्मान सुमारे २० वर्षे होते, हे वाचून विशीतच सगळे मरत असतील असे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात त्या सरासरीला खाली ओढणारे ओझे बालमृत्यूंचे होते, आणि त्यावर १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून देशात शिरलेल्या इन्फ्लुएन्झाचे. शिवाय आयुर्मान म्हणजे त्या विशिष्ट काळातले सगळ्या वयांचे दर एका कल्पित बाळाला जन्मभर लावून काढलेला आकडा. त्या दशकात जन्मून जी मुले जगली, त्यांना पुढच्या दशकांचे वेगळे दर मिळाले आणि त्यांतली अनेक आपले आजी-आजोबा झाली. १९७०-७५ मध्ये हे आयुर्मान ४९.७ होते आणि २०१६-२० मध्ये ७०. पण आज साठीत असलेल्या माणसाने आपल्याला दहाच वर्षे उरली असे समजू नये. बालपणाचे आणि तारुण्याचे सगळे धोके त्याने मागे टाकले आहेत, म्हणून त्याचे उरलेले आयुर्मान सुमारे १८ वर्षे आहे.

वय आणि वर्ष ही दोन घड्याळे एकाच वेळी चालतात, हे दुकानात उन्हाळ्यात कळे. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला गेल्या, की मोटारी कोरड्या फिरून जळत आणि दुकानापुढे रांग लागे; नवी मोटारही त्यात असे आणि जुनीही. मार्चमध्ये केलेल्या कामाला लगेच हा हंगाम भोगावा लागे आणि जूनमध्ये केलेल्या कामाला तोच हंगाम वर्षभराने भेटे, त्यामुळे दोन्ही कामांची तुलना करताना मोटारीचे वय आणि महिना, दोन्ही पाहावे लागत. लहान आकड्यांनीही असाच गोंधळ होतो : ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत वर्षाला ३०० जन्म होतात, तिथे एक बाळ जास्त गेले, तर अर्भक मृत्युदर एकदम तीनाने वर जातो, आणि पुढच्या वर्षी तो उतरला तरी कोणाचे काम सुधारले असे त्यावरून ठरत नाही. अशा ठिकाणी तीन वर्षे एकत्र धरून बोलावे.

आता दुकान चुलतभाऊ चालवतो. काकांच्या वहीतली उणीव मी त्याला एकदा समजावून सांगितली आणि त्याने पाच रकान्यांच्या पुढे सहावा रकाना आखला : 'चालू असल्याचे शेवटचे कधी कळले'. एखादा शेतकरी स्टार्टरचा फ्यूज न्यायला किंवा नुसता बाजाराच्या दिवशी दुकानावरून जाताना दिसला, की तो हाक मारून मोटारीची चौकशी करतो आणि त्या दिवसाची तारीख टाकतो. गेल्या दिवाळीत मी ती वही चाळली. एका पाच एच.पी.च्या नोंदीला गोल नव्हता आणि तिच्या सहाव्या रकान्यात एकाखाली एक सात तारखा होत्या, आधीच्या सहा बारीक रेघ मारून खोडलेल्या आणि सातवी त्याच आठवड्यातली.